उलटा राका

२२ सप्टेंबर, रविवार

ही वही जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबच्या अध्यक्षाच्या आग्रहाने सुरू केली. रेमिजिओ बोस्को म्हणाला, "डेल्मो, दुरुस्तीची रोजची नोंद ठेव. संग्रहालयात ट्रॅक्टरशेजारी काचेच्या पेटीत ठेवू." बोस्कोने जन्मभर विमे विकले. पाना कुठल्या टोकाला धरतात हे त्याला ठाऊक नाही, पण मायक्रोफोन दिसला की सोडत नाही. चार ओळी लिहिल्यावरच माझ्या लक्षात आलं की हे काचेत ठेवण्याजोगं होणार नाही. त्याच्यासाठी वेगळी, सभ्य वही करीन. ही माझी.

काम असं आहे. माझी धाकटी बहीण इर्मा आणि तिचा नवरा निलो राका डिसेंबरात शेतावरचं घर सोडून गावात राहायला येणार. शेत विकलं. गहू निघाला की नवा मालक शेड पाडणार. त्या शेडमध्ये आमच्या बाबांचा ट्रॅक्टर उभा आहे, एकाच सिलिंडरचा, पुढे लोखंडी नाक असलेला. पंचेचाळीस वर्षं तो जागचा हललेला नाही आणि इंजिन पार जाम झालंय. संग्रहालयात मेलेलं लोखंड फार साठलं, म्हणून क्लबने ठराव केलाय की दहा नोव्हेंबरच्या मिरवणुकीत जो ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर चालत येईल तोच आत घ्यायचा. नाही आला तर भंगारवाला आहेच.

आज जेवताना इर्मा म्हणाली, "चाळीस वर्षं कॉलनीतल्या सगळ्या शेतकऱ्यांची इंजिनं उघडलीस. आपल्या घरचं एक उघड की."

"जाम झालेलं इंजिन सोडवायला डोकं लागतं. या घरात ते कोणाकडे आहे?" मी निलोकडे बघत म्हणालो.

निलो पावावर सलामीच्या मांसाचे काप ठेवत होता. "तुझ्याकडे आहे की," तो म्हणाला. टोमणासुद्धा कळत नाही त्याला.

त्याच्याविषयी एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा शाई वाया जायला नको. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मरणाच्या थंडीत, बाबा ट्रॅक्टरच्या मागे वाकून कुळव जोडत होते. निलो तेव्हा एकोणीस वर्षांचा, आमच्याकडे मजुरीला. तो सीटवर होता. बाबा म्हणाले, वीतभर पुढे घे; या शहाण्याने पहिल्या गिअरऐवजी रिव्हर्स टाकला. ट्रॅक्टर मागे आला आणि बाबांची कंबर कुळवात चेंगरली. त्यानंतर अकरा वर्षं ते काठीवर जगले. गावाने निलोला 'उलटा राका' हे नाव दिलं, ते अजून चालतं. आणि पुढच्याच वर्षी इर्माने याच माणसाशी लग्न केलं. बाबांनी हो कसं म्हटलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. ज्याने अधू केलं त्याच्याच हातून ते अकरा वर्षं आंघोळ करून घेत राहिले.

मी तेव्हा चहाचं पाणी बघायला स्वयंपाकघरात गेलो होतो. नाहीतर सीटवर मी असतो आणि हे घडलंच नसतं. इंजिन मात्र मीच चालू करून दिलं होतं, अगदी व्यवस्थित. त्या दिवशी तेवढं एक काम तरी नीट झालं.

२५ सप्टेंबर, बुधवार

शेडचं दार उघडायलाच तासभर गेला. आत कोंबड्या. माझ्या बापाच्या ट्रॅक्टरच्या सीटवर एक लाल कोंबडी अंडी उबवत बसली होती. निलो म्हणतो, "पिल्लं निघेपर्यंत थांबू या का?" मी कोंबडी उचलून बाहेर ठेवली.

इंजिन फिरवायचं तर स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून काढायचं आणि बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, खोचायचं, अशी या ट्रॅक्टरची रीत. खोचलं आणि अंग टाकून लोंबकळलो. भिंत ढकलावी तसं झालं. पिस्टन मध्येच कुठेतरी गंजून बसलाय.

नाकावरची नोझल काढून त्या भोकातून माझं मिश्रण ओतलं, अर्धा पेला, गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन. चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यात. वरून बोल्ट घट्ट बसवला आणि बजावून सांगितलं, "दुसऱ्या कोणी यात एक थेंब ओतायचा नाही. जिरू द्यायचं. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

निलो आणि इर्मा, दोघांनी माना हलवल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

गावात बातमी पसरली. दुपारी मांस भाजायला ठेवलं आणि एकेक उंटावरचा शहाणा यायला लागला. समुद्रापलीकडून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेल्या आमच्या कॉलनीत प्रत्येक घराची जाम इंजिन सोडवायची आपापली औषधी आहे. आजोबाने पिएमॉन्तेहून आणली म्हणे, चीझच्या गोळ्याबरोबर. मुलीच्या लग्नात देणार नाहीत इतकी जपून ठेवतात. बोस्को डिझेल आणि ब्रेकच्या तेलाची बाटली घेऊन आला. एल्साबाई, आमची दोन्या एल्सा, ऐंशीच्या घरात आहे, तरी वितळवलेली डुकराची चरबी घेऊन सायकलवरून आली. मी सगळ्यांना हात जोडले. बाटल्या नेऊन बाकाखाली ठेवल्या आणि सांगितलं, औषध चालू आहे, वैद्य एकच असू द्या.

बोस्कोने नेहमीचा विनोद केलाच. निलो चुलीकडून मांसाचं ताट घेऊन मागे सरकला तसा हा ओरडला, "सांभाळा रे, उलटा राका मागे येतोय!" मग दोघा-तिघांनी कंबर धरून लंगडत पळून दाखवलं. मिरवणुकीत दर वर्षी हेच. निलो नव्या ट्रॅक्टरवरून आला की मागची माणसं उड्या मारून बाजूला होतात आणि कमरेवर हात ठेवून लंगडतात. माझ्या बापाच्या कमरेची थट्टा आहे ती खरं तर, पण मीही हसतो. आजही हसलो. निलोने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना वाढायला सुरुवात केली.

लाज नावाची गोष्ट काही माणसांना दिलेलीच नसते.

९ ऑक्टोबर, बुधवार

निलोचं एक वेड नोंदवायचं राहिलं. आज बागेतलं गवत कापायचं मशिन चालू केलं आणि लगेच न वापरता हा गुडघ्यावर बसला, खिशातून खडू काढला, वरच्या फिरत्या चकतीवर एक रेघ ओढली आणि ती कुठल्या बाजूला फिरते ते बघत राहिला. गवत कापायचं मशिन! ते आयुष्यात उलटं फिरत नाही. नव्या ट्रॅक्टरशीही हेच करतो. चालू करायचा, खाली उतरायचं, पट्ट्याच्या चाकावर खडू, मग परत वर चढायचं. वातानुकूलित केबिन असलेला ट्रॅक्टर आणि त्यावर हा प्रकार.

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं होतं. तो म्हणाला, खडू स्वस्त आहे."

इर्मा खिडकीत उभी राहून हसली. माझ्याकडे बघून हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज तीन मीटरचा पाइप स्टिअरिंगला लावून जोर केला. दोन बोटं हललं असं वाटलं आणि मग पुन्हा भिंत. पाइप वाकला. निलो बाजूला उभा होता. हळूच म्हणाला, "उलट्या बाजूने एकदा बघू या का? जरा मागे, जरा पुढे. झुलवत झुलवत."

"या घरात हे इंजिन उलटं फिरवायचं नाही."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

कारण द्यायला मी काय त्याचा नोकर आहे? इंजिनाला एक दिशा असते आणि ती पाळायची असते. बोल्ट उघडून आत डोकावलो, तेल दिसलं. माझं औषध अजून जिरलेलं नाही. वेळ लागेल.

२० ऑक्टोबर, रविवार

मातृदिन; आमच्याकडे तो ऑक्टोबरात असतो. इर्माच्या मुली रोसारियोहून आल्या, फुलं आणली, फोटो काढले, ट्रॅक्टरपुढे उभं राहून तोंडं वेडीवाकडी केली. ट्रॅक्टर म्हणजे त्यांना सजावट वाटते.

जेवण झाल्यावर इर्मा शेडमध्ये आली. मी नोझल घासत होतो. ती बराच वेळ मागच्या जोडाकडे, जिथे कुळव अडकवतात तिथे, बघत उभी राहिली.

"डेल्मो, तुला खरंच जमेल ना?"

"तुला शंका आहे?"

"इंजिनाची नाही." मग म्हणाली, "मला एकदाच बघायचंय. पहिला गिअर टाकला की तो कुठे जातो, तेवढंच."

"पुढे जातो. ट्रॅक्टर आहे तो, खेकडा नाही."

"बघू," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बायकांना यंत्रातलं काय कळतं. उगाच काहीतरी बोलायचं.

संध्याकाळी बोस्कोची सभ्य वही लिहायला घेतली. लिहिलं की, या जातीचं इंजिन अत्यंत साधं असून त्यास झडपा नाहीत, नाक लाल होईस्तोवर तापवले की कोणतेही इंधन चालते. पुढे लिहिलं की, या इंजिनाचा एक विशेष असा की त्यास दिशेचे ज्ञान नसते, सुरू करताना झोका चुकला तर ते उलट्या दिशेनेही तितक्याच सुखाने चालते, आवाज तोच, धूर तोच, आणि तसे चालत असता पहिला गिअर टाकल्यास

हे पान मी फाडलं. लोकांना इतकं तांत्रिक वाचायचं नसतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते लिहायला माझी मुळीच इच्छा नाही, पण वही माझी आहे.

जेवून मी आरामखुर्चीत डोळा लावला. उठून शेडमध्ये गेलो तर जमिनीवर तळं. काळपट, तेलकट, आणि वास असा की मांजर पळावं. फ्लायव्हीलमध्ये स्टिअरिंग खोचलेलं आणि निलो ते एका हाताने, एका हाताने, फिरवतोय. गरागरा.

"काय केलंस?"

"उलटं फिरवलं," तो म्हणाला. "तू झोपला होतास."

गंज केव्हाच सुटला होता. पण पिस्टनपुढची सगळी जागा द्रवाने गच्च भरली होती आणि आम्ही पिस्टन त्या द्रवावर दाबत होतो. द्रव काही दबत नाही, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. उलटं फिरवताच पिस्टन मागे सरकला, बाजूचं भोक उघडं पडलं आणि सगळं बाहेर आलं. दोन लिटर तरी असेल. मी ओतला होता अर्धा पेला.

सगळ्यांना बोलावून उलटतपासणी घेतली. इर्माने व्हिनेगर ओतलं होतं, दोनदा. दोन्या एल्साने सहा तारखेलाच, मी चुलीपाशी असताना, चरबी ओतली. बोस्को दर बुधवारी "प्रगती बघायला" यायचा आणि खिशातल्या बाटलीतून थोडं थोडं सोडून जायचा. प्रत्येकाला वाटत होतं की डेल्मोच्या औषधाला आपल्या औषधाची गुपचूप जोड मिळाली की इंजिन सुटेल, आणि सुटलं की आपणच सोडवलं हे आपल्याला माहीत असेल. अख्ख्या गावाने प्रेमाने गळा दाबला इंजिनाचा.

"आणि तू?" मी निलोला विचारलं.

"मी नाही ओतलं. तू नको म्हणाला होतास."

म्हणजे या गाढवांच्या बाजारात एकाने माझं ऐकलं, तो हा. आणि इंजिन सोडवलं तेही यानेच, मी नको म्हटलेलं एकच काम करून. आंधळ्याच्या गाई देव राखतो.

मी त्याचं कौतुक केलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर लिहायला उसंत नव्हती. हेड काढलं, सिलिंडर घासला, रिंगा उकळत्या पाण्यात टाकून सोडवल्या. तेलाच्या नळ्यांतून गांधीलमाश्यांची घरं निघाली. निलो सांगितलं ते करतो आणि विचारलं नाही तर बोलत नाही. मदतनीस म्हणून बरा आहे. कुत्राही बरा असतो.

आज काम करता करता उगाच विचारलं, "त्या दिवशी तुझा पाय क्लचवरून घसरला होता का रे?"

"नाही," तो म्हणाला.

"मग गिअरचा लिव्हर चुकला."

त्याने ग्रीसचा डबा माझ्याकडे सरकवला. "तुला काय आठवतं?"

मला काय आठवायचंय? ओरडण्याचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरातून धावत आलो, वर चढलो, लिव्हर ओढून गिअर काढला. मी नसतो तर बाबा वाचले नसते. लिव्हर कुठल्या खाचेत होता ते असल्या वेळी कोण बघतं? इंजिन चालू केल्यावर फ्लायव्हील मी बघितलंच असणार. नेहमी बघायचो. थंडी होती, चहाची तल्लफ आली होती, पण बघितलंच असणार.

हे सगळं लिहायचं काही कारण नव्हतं. झोप नीट होत नाही, दुसरं काही नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

चालू झालं.

सकाळी दहा वाजता स्टोव्हची ज्योत नाकावर धरली. वीस मिनिटांत नाक लाल झालं. बोस्को फोटोग्राफर घेऊन आलेला, दोन्या एल्सा खुर्ची घेऊन आलेली. मी स्टिअरिंग खोचलं आणि झुलवायला लागलो, मागे, पुढे, मागे, पुढे, पाळणा हलवतात तसं. दम लागत होता पण कोणाला हात लावू दिला नाही. पाचव्या झोक्याला आतून एक ठोसा आला, मग दुसरा, आणि मग धाड, धाड, धाड. पत्र्याचं छप्पर हलायला लागलं. धुराची वर्तुळं वर गेली. पंचेचाळीस वर्षांनी तोच आवाज. माझे डोळे भरून आले, धुराने नव्हे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टिअरिंग उपसून जागेवर बसवलं, हात पुसले आणि निलोला ओरडून सांगितलं, "चढ, तयार आहे!"

निलो चढला नाही. खिशातून खडू काढून तो फ्लायव्हीलपाशी गेला. बोस्को हसायला लागला, मलाही हसू आलं. एवढ्या लोकांत, अशा क्षणी, याचा खडू! त्याने धीराने वाट बघून रेघ ओढली आणि बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "डेल्मो, उलटं चालतंय."

"डोळे तपासून घे."

"रेघ बघ."

मी बघितली.

मग मी मागे बघितलं. ट्रॅक्टरच्या मागे, अगदी जोडापाशी, इर्मा मोबाइल धरून उभी होती. तिला धूर आणि टाळ्या दोन्ही टिपायचे होते. बाबा जिथे वाकले होते त्याच जागी, मागे भिंत.

मी इंधन तोडलं. इंजिन थांबलं. बोस्को विचारत होता, काय झालं, काय झालं. "गरम झालं," मी म्हणालो. इर्माने मोबाइल खिशात घातला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मी बघितलं नव्हतं. कालही नाही आणि त्या दिवशीही नाही. चालू केलं, आवाज चांगला आला, "चढ, तयार आहे," म्हणालो आणि चहाकडे पळालो. तेच शब्द होते.

आणि लिव्हर पहिल्याच्या खाचेत होता; इंजिन उलटं चालत असलं की पहिल्यावरही ट्रॅक्टर मागेच येतो. मी हाताने ओढून काढला तो. माझ्या हाताला माहीत होतं. चाळीस वर्षं मी त्या हाताने लोकांची इंजिनं उघडत होतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी शेडमध्ये गेलो. निलो चाकांना ग्रीस लावत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"वेड पांघरू नकोस, निलो."

त्याने चिंधीला हात पुसले. "मी खाली उडी मारली तेव्हाच बघितलं. फ्लायव्हीलचं चाक अजून फिरत होतं. उलटं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुझ्या वडिलांना, दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, पडल्या पडल्या मला चाकच दिसत होतं."

मी कोंबडीच्या पेटीवर बसलो.

"मग म्हणाले, डेल्मोला मार्चमध्ये वर्कशॉप काढायचंय. जो इंजिन उलटं चालू करून बापाला चेंगरतो त्याच्याकडे कोण ट्रॅक्टर आणील? तू शेतावर राहणार. तुला नावाचं काय करायचंय?"

"आणि तू हो म्हणालास."

"मी इर्माला मागितलं," निलो म्हणाला. "मला वाटलं म्हातारा काठी फेकून मारतोय. काठी तेव्हा नव्हती अजून. थोडा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं." तो जरासा हसला. "सौदा वाईट नव्हता, डेल्मो. मला तरी परवडला."

"तिला माहीत आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं. फसवून कसं करायचं लग्न?"

"आणि माझ्या तोंडावर का नाही म्हणालास? इतकी वर्षं मी तुला—"

"वाटायचं, तुला माहीतच आहे," तो म्हणाला. "एवढा राग माणूस उगाच धरत नाही."

वर्कशॉपवरची ट्रोस्सेरो या आमच्या आडनावाची पाटी मी निवृत्त झाल्यावरही काढलेली नाही, दर वर्षी रंगवतो. ती पाटी मला बाबांनी आणि उलट्या राकाने मिळून लावून दिली होती. आणि मी त्या पाटीखाली उभा राहून गिऱ्हाइकांना उलट्या राकाचे किस्से सांगायचो. कित्येक किस्से तर मीच रचलेले आहेत. ही वही पहिल्या पानापासून वाचली. दीडशहाणा माणूस आहे हा लिहिणारा. त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलतं हेच पुष्कळ.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी इंजिन निलोने चालू केलं. मी ज्योत धरली. खडू त्याने ओढला, रेघ दोघांनी बघितली. सुलट.

गावाच्या चौकापर्यंत तो सीटवर आणि मी बाजूने चालत. चारही बाजूंनी माणसं. बोस्कोच्या मंचापुढे प्रत्येक ट्रॅक्टर थांबतो, तसा हाही थांबला. बोस्कोने बाबांचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, "कॉलनीतले सर्वात निष्णात मेकॅनिक" म्हणाला. मग त्याच्या आवाजात तो चेव आला. "आणि मंडळी, आता जरा सांभाळा, सीटवर कोण आहे बघा, उलटा राका!" ट्रॅक्टरच्या मागची माणसं ठरल्याप्रमाणे उड्या मारून बाजूला झाली आणि कंबर धरून लंगडायला लागली. मागची जागा मोकळी झाली.

मी मंचावर चढलो आणि त्याच्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला. त्याने सहजासहजी सोडला नाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी इंजिन मी चालू केलं होतं. उलटं चालू झालं आणि मी बघितलं नाही. निलोने पहिलाच गिअर टाकला होता. माझ्या बापाला मी अधू केलं."

एक-दोघे हसले. त्यांना वाटलं, विनोदच आहे. मग ते थांबले. लंगडणारे तसेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले, हात कुठे न्यावेत ते त्यांना सुचेना. दोन्या एल्साने क्रूसाची खूण केली. गर्दीत पुढेच इर्मा उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता आणि ती रडत होती, मला वाटतं.

मायक्रोफोन बोस्कोला परत दिला. खाली उतरलो आणि ट्रॅक्टरच्या मागे जाऊन जोडापाशी उभा राहिलो. बाबा उभे होते तसा, अगदी टेकून. लोखंड गरम होतं.

निलोने मान वळवली. "डेल्मो, बाजूला हो."

"पहिला टाक."

"अरे, लोक बघताहेत."

"म्हणूनच. टाक पहिला."

तो खाली उतरला. सगळ्या गावादेखत फ्लायव्हीलपाशी गेला, रेघ बघितली, नीट, घाई न करता, आणि परत वर चढला. या वेळी कोणी हसलं नाही. क्लच दाबल्याचा आवाज आला, मग लिव्हरचा. मी डोळे मिटले होते हे इथे लिहून ठेवतो.

ट्रॅक्टर पुढे गेला. मला काहीही झालं नाही.